डॉलीच्या रक्ताची दुसरी बाटली

गिरीज, वसई

प्रिय नताशा,

डॉलीनं आज गोठ्यात केळीच्या पानाला तोंड लावलं आणि वर माझा सदराही चाटला. फोनवर हे सांगणार होतो, पण तुझी मम्मी फोन हिसकावते आणि माझं अर्धं बोलणं पोटातच राहतं. म्हणून कागद घेतला.

घोळ माझाच. तीन राजांचा सण झाल्यावर नाताळात मांडलेली गव्हाणी मोडली. बाळ येशूच्या अंगाखालचा पेंढा टाकून कसा द्यायचा? दरवर्षीसारखा डॉलीपुढे ठेवला. वरच्या ताऱ्याची बारीक तार त्यात राहिली असेल, हे ध्यानीमनीही नव्हतं. तिनं खाणं सोडलं, तेव्हा जनावरांचे डॉक्टर चंद्रहास म्हणाले, अपचन असेल, नाहीतर आत काहीतरी टोचतंय. पण नुसत्या अंदाजावर गाभण गायीचं पोट कसं उघडायचं? मग तू रक्त मागवलंस. आत जखम, सूज असली की रक्तात एक प्रोटीन वाढतं आणि ते मोजायची नवी टेस्ट तू बनवतेस, एवढं आता मलाही कळतं.

बाटली खिशात घालून, भर उन्हात, हायवेचे खड्डे खात स्कूटरवरून तुझ्या मुंबईच्या प्रयोगशाळेत आलो. आकडा अगदी चांगला आला. मी मनातल्या मनात मारिया मातेला मेणबत्तीसुद्धा लावली. आणि तू म्हणालीस, हे खरं नाही, वाटेत हादरून रक्तातल्या पेशी फुटल्यात, त्यामुळे प्रोटीन कमी दिसतंय, दुसरं आणा. बये, तेव्हा मी जे बडबडलो ते तुझ्या साहेबांनीही ऐकलं असेल. स्वतःच्याच टेस्टवर भरवसा नसलेली मुलगी माझ्याच नशिबी यावी!

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रक्त गोठू दिलं, वरचं पिवळं पाणी वेगळं काढलं. मी ते बर्फात ठेवून, शेजारच्या फेबियनच्या गाडीतून, तान्ह्या पोरासारखं मांडीवर घेऊन आलो. आकडा इतका चढला होता की तू तिथूनच डॉक्टरांना फोन लावलास. त्याच संध्याकाळी पोट उघडलं. तार काळजाकडे निघाली होती. पोटातलं वासरूही सुखरूप आहे. मुलीचे उपकार तोंडावर मानायची आपल्याकडे रीत नाही, पण मी मानतो. तुझे फार उपकार झाले, पोरी.

आता खरं सांगतो. तू नोकरी सोडायचं म्हणतेस, हे मम्मीनं काल मला सांगितलं. प्रत्येक नमुन्यावर शंका काढते, हिच्यामुळेच टेस्ट बाजारात यायला उशीर होतो, असं तुला तिथं ऐकवतात म्हणे. तुझ्या निर्णयात मी पडणार नाही. पण डॉलीसाठी निदान तुझा बाप समोर उभा होता, त्याला तू परत पाठवू शकलीस. उद्या वटार गावातल्या एखाद्या बाईची एकुलती एक गाय खाणं सोडेल. तिला तुझं नावही ठाऊक नसेल. आकडा चांगला आलाय असं सांगून तिला घरी पाठवतील, तेव्हा तिच्या बाटलीवर शंका घ्यायला तिथं कोण असेल?

तुझाच,
पप्पा