डाव्या पायातली फौज

३ फेब्रुवारी.
माशांच्या तळ्यात उतरताना डाव्या तळव्याला कालवाचा शिंपला लागला. जखम अडीच सेंटीमीटर. किरकोळ. मनिलात जहाज कंपनीचे मेडिकल एकवीस तारखेला. पास झालो की जहाजाच्या स्वयंपाकघरात नोकरी. यादीत माझ्यामागे मित्र आन्सेल्मो आहे. बसेल वाट पाहत, बिचारा.
संकल्प: जखमेची रोज नोंद.

४ फेब्रुवारी, सकाळी ६.
लाली, उष्णता, सूज, वेदना. चारही हजर. याला इन्फ्लमेशन म्हणतात. नर्सिंग कोर्सच्या पहिल्याच धड्यात होते: जखम झाली की रक्तातल्या पांढऱ्या पेशींची फौज तिथे धावते आणि जंतू मारते. सूज ही तिची छावणी. दुसऱ्या धड्याआधी कोर्स सुटला, पण मुद्दा समजला होता. जितकी सूज, तितकी तब्येत दणकट.

५ फेब्रुवारी.
थोरली बहीण, मानांग नारसिसा, साबण आणि पाणी घेऊन आली. तापलेल्या पायावर पाणी घेतले की पास्मा होतो, शिरा कायमच्या थरथरतात, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. शिवाय फौज गारठेल. नको म्हणालो. ती म्हणाली, तुला पास्मा भांडी घासायच्या वेळीही होतो.

७ फेब्रुवारी.
सूज घोट्यापर्यंत. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारली. संध्याकाळी लाली रेघेच्या तीन सेंटीमीटर पुढे. फौज आगेकूच करते आहे. मानांगने विचारले, तोतो, हा पाय आहे की फिएस्टाचे भाजलेले डुक्कर? अडाण्यांशी वाद घालायचा नाही, असे ठरवले.

९ फेब्रुवारी.
मानांगने आरोग्य केंद्रातली नर्स आणली. तिने एकवीस गोळ्या दिल्या, रोज तीन. म्हणाली, गोळी चुकवलीस तर पायाला मुकशील. बाहेरून मदत आली की फौज आळशी होते. गोळ्या मोजून डबीत ठेवल्या.

११ फेब्रुवारी. वेळ पाहिली नाही.
ताप ३९.८ सेल्सियस. उत्कृष्ट. पायाला वास येतो, मेलेल्या जंतूंचा असावा. मानांग नाक धरून भात देते. मांडीपर्यंत एक लाल रेघ गेली आहे. ही मी मारलेली नाही.

१२ फेब्रुवारी.
आन्सेल्मो संत्री घेऊन आला. वाकून पाय नीट पाहिला. मग विचारले, मेडिकल नक्की किती तारखेला? जळतो माझ्यावर.

२६ फेब्रुवारी. सरकारी इस्पितळ.
तेराला मानांगने शेजाऱ्यांकरवी उचलून आणले म्हणे. मला आठवत नाही. डावा पाय गुडघ्याखाली काढला आहे.
डॉक्टरांना फौजेबद्दल विचारले. म्हणाले, सुरुवात जंतूंनी केली. मग सूज एवढी चढली की रक्त पोचेना, आणि तुझ्या फौजेने समोर दिसेल ते जाळले, त्यांचे आणि तुझेही. तिला फरक कळत नाही. पाय धुऊन गोळ्या घेतल्या असत्यास तर आठवड्यात चालला असतास.
दुपारी आन्सेल्मो आला. मेडिकल पास झाला, सोमवारी निघतो. जहाजासाठी मी घेतलेले नवे बूट त्याने मागितले. माप एकच आहे. म्हणालो, उजवा मला लागेल. तो म्हणाला, पारे, दोस्ता, मग मी काय जहाजावर लंगडी घालू?
दोन्ही घेऊन गेला. पिशवी मानांगने दिली.