तेविसावी मूठ

कोल्हापूर,
७ मार्च २००४

प्रिय प्रसेन,

जानेवारीत मी तुझ्या कानावर फोन आपटला, त्याला आज सात आठवडे झाले. तूही परत केला नाहीस, मीही नाही. दोघंही आण्णांचीच पोरं, आधी कोण वाकणार! तर चल, थोरली म्हणून मी वाकते. पुन्हा फोन करत नाही, कारण फोनवर माझा पारा पहिल्या मिनिटाला चढतो आणि सांगायचं ते राहूनच जातं. ई-मेलवर मला मराठी लिहिता येत नाही, आणि इंग्रजीत मला फक्त टेंडर भरता येतं. म्हणून रविवार बघून कागद घेऊन बसले आहे. मस्कतला पोचायला याला आठ-दहा दिवस लागतील, तोवर तुझाही राग उतरेल अशी आशा आहे.

तू तेव्हा काही वावगं बोलला नव्हतास. एवढंच म्हणालास की, आक्का, तू तो वृद्धाश्रम दुरुस्त करतेच आहेस, तर आण्णांसाठी तिथली एक चांगली खोली बघून ठेव, चौदा एप्रिलला येतो तेव्हा ठरवून टाकू. त्यावर मी म्हणाले की आण्णा ठणठणीत आहेत, कळंब्याच्या आपल्या घरात राजासारखे राहतात, आणि समुद्रापलीकडे बसून तुला काय डोंबल कळतंय. त्या 'ठणठणीत'कडे मी येणार आहे. पण आधी आश्रमाचं सांगते, कारण त्याशिवाय तुला पुढचं कळणार नाही.

ती इमारत तू शाळेला सायकलवरून जाताना रोज बघितली आहेस. काळ्या दगडाची, पुढे लाकडी खांबांची लांबलचक पडवी असलेली. १९१२ साली कुणा व्यापाऱ्यानं धर्मशाळा म्हणून बांधली, पुढे निराधार म्हातारी माणसं तिथं राहायला लागली आणि तीच तिची ओळख झाली. आज तिथं बावीस जण आहेत. भिंती दीड हात जाड, आतून चुन्याचा गिलावा, छपराचं सागवान अजून खणखणीत. पण संडास अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, आणि प्रत्येक खोलीला वीतभर उंच उंबरा. गेल्या पावसाळ्यात दोन बायका त्या उंबऱ्यांना अडखळून पडल्या, एकीचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा ट्रस्टला जाग आली आणि काम माझ्याकडे आलं. ट्रस्टचे सेक्रेटरी गणपतराव भला माणूस, पण त्यांच्या डोक्यात सगळीकडे चकचकीत फरशी. 'म्याडम, हाटेलागत दिसलं पायजे बगा.' मी एक नमुन्याची फरशी आणली, तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि त्यांना म्हटलं, चाला. दुसऱ्या पावलाला त्यांनी माझा खांदा धरला. फरशीचा विषय तिथंच संपला.

पहिल्या आठवड्यात कृष्णात भिंती खरवडायला लागला. कृष्णात म्हणजे आपला रंगारी, चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी कळंब्याचं घर दरवर्षी रंगवतो तोच. त्यानं पहिला पट्टा काढला आणि बनाबाई काठी आपटत बाहेर आली. बनाबाई तिथं एकवीस वर्षं आहे, तिच्या परवानगीशिवाय आश्रमात कावळासुद्धा बसत नाही. 'अरं ए, पुसू नगंस ते! त्या डागावर हात ठिवून मी मोरीपतोर जातो की! उद्या कुठं धरू, तुज्या टकुऱ्याला?' मी तिला समजवायला गेले आणि तेव्हा ती भिंत पहिल्यांदा नीट बघितली. पांढऱ्या चुन्यावर कंबरेच्या उंचीला एक काळपट, तेलकट पट्टा. प्रत्येक दारापासून मोरीपर्यंत गेलेला. मध्येच कुठं डाग गडद, तिथं माणूस दम खायला थांबतो. कोपऱ्यावर दोन्ही पंजे, तिथं वळताना तोल जातो. आमच्या पुस्तकात कठडा नव्वद सेंटिमीटरवर बसवा म्हणून लिहिलंय, आणि या माणसांचे हात कुठं ऐंशीला, कुठं सत्तरला. मी काम थांबवलं, तीन दिवस नुसती डागांची मापं घेतली आणि कठडे त्या मापांवर बसवले. पंधरा वर्षं इंजिनिअर म्हणून मिरवते आहे, पण भिंत वाचायला मला बनाबाईनं शिकवलं.

आणि शिकले म्हटल्यावर माझ्या अंगात आलं! कुणाचे नातेवाईक भेटायला आले की मी त्यांना हाताला धरून भिंतीजवळ न्यायची. बघा, तुमची आई इथं थांबते. बघा, तुमच्या वडिलांचा हात वर्षभरात चार बोटं खाली आलाय, तुमच्या लक्षात आलं होतं का? बँकेतल्या एका साहेबाला तर मी रडवलं. घरी येऊन त्याची गोष्ट रंगवून सांगितली, वर म्हटलं, काय ही मुलं, आईबापांकडे डोळे उघडून बघत नाहीत.

मग उंबऱ्यांचं भांडण झालं. उंबरे काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि बनाबाई रोज सकाळी आपल्या उंबऱ्याला हळदकुंकू वाहणार. उंबरा न्हाई ते घर कसलं, म्हणून तिनं दोन दिवस जेवण सोडलं. मी हात टेकले आणि आण्णांना विचारलं. ते म्हणाले, 'लाकूड फेकू नको. मला दाव.' दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्कूटरवरून घेऊन गेले. त्यांनी तो जुना सागवानी उंबरा नखानं खरवडला, वास घेतला, आणि बनाबाईला म्हणाले, 'म्हातारे, तुजा उंबरा तुज्या हातात दितो. मग तर जेवशील?' प्रत्येकाच्या खाटेशेजारी भिंतीत एक मूठ बसवायची, उठताना धरायला, आणि ती त्याच्याच खोलीच्या उंबऱ्यातून करायची, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

तुला शिरोलीतल्या फाउंड्रीतले आण्णा आठवतात ना, रविवारी आपल्याला नेऊन ओतकामासाठी स्वतः कोरलेले लाकडी पॅटर्न दाखवायचे? तसेच झाले रे ते पुन्हा. बारा वर्षं तेलकट फडक्यात बांधून ठेवलेली हत्यारं बाहेर निघाली. त्यांची ती खास फूटपट्टीही, जिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा केसभर मोठा. त्यांनी आश्रमाच्या स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा मागून घेतला आणि एकेकाला तो मुठीत आवळायला लावला. बोटांचे जसे ठसे उठले, तशा खाचा लाकडात कोरल्या. मी म्हटलं, आण्णा, साधा गोल दांडा चालला असता. तर म्हणाले, 'लोखंड थंड झाल्यावर आकसतंय, तेवडं आदीच धराय लागतंय. माणूसबी आकसतंय, दीक्षे. आजच्या मापाची केलीस तर उद्या हुकली.' महिनाभर ते रोज पडवीत बसून काम करत होते. स्कूटरवरून उतरले की माझ्या खांद्यावर हात ठेवून आत यायचे. मला वाटायचं, बापाला लेकीचं कौतुक आहे.

गेल्या मंगळवारी मुठी बसवून झाल्या. बावीस खाटा, बावीस मुठी. बनाबाईनं आपल्या मुठीला हळदकुंकू लावलं आणि जेवायला बसली. मी सामान आवरत होते तर हत्यारांच्या पिशवीत आणखी एक मूठ. मी विचारलं, ही कुणाची? आण्णा दुसरीकडे बघत म्हणाले, 'असू दे की. लागती कुनाला तरी.' मी ती हातात धरली. तिला अंगठ्याची जागा होती आणि बोटांच्या खाचा दोनच होत्या. प्रसेन, एक्क्याऐंशी साली त्या करवतीच्या मशीनमध्ये डाव्या हाताची दोन बोटं कुणाची गेली, हे मी तुला सांगायला नको.

मी त्यांना घेऊन कळंब्याला गेले आणि आत शिरल्याशिरल्या भिंती बघितल्या. खाटेपासून मागच्या दारापर्यंत, कंबरेच्या उंचीला, एक डाग नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी चहा टाकला. मग कपबशी घेऊन आण्णांच्या खाटेजवळ खाली जमिनीवर बसले, आणि डाग दिसला. गुडघ्याच्या उंचीला होता. खाटेपासून निघून, स्वयंपाकघराच्या कडेनं, थेट मागच्या दारापर्यंत. दोन बोटांचा आणि अंगठ्याचा. अंगणातल्या संडासापर्यंत आपला बाप बसून, फरपटत जात होता.

मी कृष्णातला गाठलं. तो बिचारा म्हणाला, 'व्हय की म्याडम, गेल्या साली बी हुतं, त्याच्या आदीबी हुतं. मला वाटलं तुमच्या पोरांचं हात असत्याल. रंग दिऊन टाकला.' ऐकतोस का? तीन वर्षं तो डाग उठत होता आणि दोन वर्षं जयंतीच्या आधी मी माणूस लावून तो पुसत होते, वर घर कसं लख्ख ठेवलंय म्हणून चारचौघांत सांगत होते. त्या बँकेतल्या साहेबाला मी कोणत्या तोंडानं बोलले? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मला माझीच लाज वाटली, अजून वाटते.

आण्णांना विचारलं, सांगितलं का नाही? म्हणाले, सकाळी गुडघे उठू देत नाहीत, दोन तासांनी बरं होतं, आणि आम्ही कुणी येतो ते दहाच्या पुढे. 'आन सांगून काय? पोरगं म्हननार आश्रमात जा. तू म्हननार माज्याकडं राजारामपुरीत चल, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट न्हाय काय न्हाय. दोगंबी माज्यावरनं भांडताय. मला कुनी इचारलंय का, कुठं ऱ्हायाचं ते?' आपण दोघांनी सात आठवडे अबोला धरला, आणि ज्याच्यासाठी धरला त्याला एक प्रश्न विचारला नव्हता. मग मी विचारला. त्यांचं उत्तर तयारच होतं, नुसतं विचारायची वाट बघत होतं. 'हात धरतोय तवर हितंच. संडास आत घ्या. हात सुटला की बनाबाईच्या शेजारची खोली बगून ठिवलीया मी, उजेड चांगला हाय तितं. मूठ सिमिटात गाडू नको, इस्क्रूनं बसीव. जायाच्या वक्ताला काडून संगं न्हेता ईल.'

तेव्हा तू अर्धा बरोबर होतास, मी अर्धी. तुझ्यावर ओरडले त्याबद्दल माफ कर. ठणठणीत नाहीत रे आण्णा. आत संडासाचं काम उद्या सुरू होतंय, कठडा खाटेपासून थेट तिथपर्यंत. त्यांच्या डागाच्या उंचीला नव्हे, जिथून ते उभे राहू शकतील त्या उंचीला, आणि तो त्यांनी स्वतः खडूनं आखून दिलाय. घर यंदा रंगवणार नाही. कृष्णातला नको म्हणून सांगितलंय, चौदा एप्रिलला आपलं एकच घर कळकट दिसलं तरी चालेल. कारण तो डाग तू तुझ्या डोळ्यांनी, खाली बसून बघावास असं मला वाटतं. पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाही, माफीसाठीही नाही. मुठीला चार स्क्रू आहेत. गुरुवारी त्यांच्या खाटेशेजारी ती बसवताना मी दोन पिळले आणि तिसऱ्याला पेचकस लावला, तर आण्णांनी माझा हात धरला. 'ऱ्हाऊ दे. ते दोन प्रसेनचं हायत.' तेव्हापासून मूठ दोन स्क्रूंवर आहे, आणि ते रोज सकाळी तीच धरून उठतात. एप्रिलपर्यंत थांबू नकोस.

वाट बघणारी, तुझीच
आक्का