चांगल्या गुडघ्याची पट्टी

तीर्थरूप अशोकमामांस सुहासचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कारण गुडघा टेकायचं सध्या बंद आहे). तुमची कंबर आणि नवी म्हैस दोन्ही ठीक असतील. फोनच केला असता, पण तुम्हाला ऐकू येत नाही आणि मामीला सगळं ऐकू येतं.

तर आमच्या टी. नगरातल्या गलाईवाल्यांची (दिवसभर भट्टीपुढं बसून सोनं वितळवणारे आम्ही, पळायची सवय कुणाला नाही) साडीच्या दुकानातल्या पोरांशी कबड्डीची मॅच ठरली. सेठ म्हणाले, "जिंकलास तर आठ दिवस रजा, हरलास तर भट्टी." म्हणजे आमच्या नीलमच्या साखरपुड्याला सख्ख्या भावानं यायचं की नाही, ते त्या मॅचवर आलं. आणि नेमका माझा डावा गुडघा आधीच दुखावलेला. इथं व्यासराजसर शाळेत खेळ शिकवतात, तंजावरकडचे, मराठी बोलतात पण पोथीतलं. ते पट्टी बांधायला बसले. मला तुमची शिकवण आठवली, की दुखरा पाय उघडा ठेवावा आणि चांगल्याला पट्टी बांधावी, म्हणजे समोरचा फसून चांगलाच पाय धरतो आणि आपण झटका देऊन सुटतो. मी उजवा पाय पुढं केला. सर म्हणाले, "दुखतो तो सोडून बऱ्यास बांधणें? हें कोणीं शिकविलें रे, तंबी?" (तंबी म्हणजे इकडच्या तमिळमध्ये धाकटा भाऊ. तुमचं नाव सांगितलं नाही.)

मामा, पट्टी दुखऱ्या सांध्याला आधार देते हे खरं. पण धडधाकट गुडघ्याला आवळली की तो नळाच्या पाइपासारखा ताठ. खाली वाकता येईना, गर्रकन वळता येईना. त्यांचा वेंकट म्हणून जाडा गडी, तुम्ही सांगता तसा अगदी बरोबर उजव्याच पायावर आला, आणि गॅसच्या टाकीसारखं मला उचलून बाहेर ठेवलं. चार वेळा. डावा बिचारा पळायला तयार होता, पण एकटा कुठं जाणार? अकरा गुणांनी हरलो, आणि उजवा सुजला तो वेगळाच.

मामींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचाच भाचा,
सुहास

ता. क. भट्टीपुढं उकिडवं बसता येईना, तेव्हा वैतागून सेठनीच पंधरा दिवस गावी जा म्हणून सांगितलं. शुक्रवारी निघतो.

ता. क. दुसरा. सूज तिसऱ्या दिवशीच उतरली, हे सेठना ठाऊक नाही. त्यांचे थोरले भाऊ आपल्या शेजारच्याच गावचे, साखरपुड्याला येणारच. म्हणून मी लंगडत येणार आणि दिवसभर खुर्चीत बसणार. पंगतीत वाढायला दुसरं कुणी बघा. फक्त नीलमला आधी खरं काय ते सांगून ठेवा. नाहीतर मला तसं बघून ती रडायची, आणि ती रडली की मी उठून पळत जायचो.