दादाकडे विचारायचं नसतं

मुक्काम लॉज, खोली नऊ
मंगळवार, ३ जून

ती. दादास,
बारकीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र माझ्याआधीच इथे पोचलं होतं. मॅनेजरने ते बिलांच्या खिळ्याला टोचून ठेवलं होतं, त्यामुळे वहिनीच्या गुडघ्याबद्दलच्या मजकुरात नेमकं भोक पडलं आहे. गुडघा बरा आहे की नाही ते पुन्हा कळव.

या खेपेला अकरा लिफ्ट तपासायच्या आहेत, सात झाल्या. इस्पितळातल्या लिफ्टचा ब्रेक उशिरा लागतो, म्हणून ती बंद करायला लावली. तिथले अधीक्षक आधी रुसले आणि मग संध्याकाळी सगळ्यांना जेवायला घेऊन गेले. जेवण म्हणजे नेहमीचा तमाशा. टेबलावर आठ माणसं. सात जणांनी पाच मिनिटांत काय हवं ते सांगून टाकलं आणि मग माझी पाळी आली. भाजीत साय आहे का, भात कशात परतता, रस्सा कशाचा. वेटर बिचारा तीनदा आत जाऊन आला. अधीक्षकांनी विचारलं की मी हवा खाऊन जगते का. सगळे हसले, मीही हसले. व्हीगन झाल्याला तीन वर्षं झाली, तेवढंच वय या विनोदाचं. शेवटी उकडलेले बटाटे आणि काकडी खाल्ली. पण त्या वेटरचं कौतुक वाटतं. सामोशासारखं काहीतरी मी मागवलं होतं, ते त्याने आपण होऊन परत नेलं, कारण वरून अंडं फासलेलं होतं. गप्प बसला असता तर मला कळलंही नसतं.

माझी नोकरीच अशी की कुणाच्या शब्दावर सही करायची नाही, स्वतः बघायचं. जेवणाचंही तेच झालं आहे. एक तुझी खाणावळ सोडली, तर मी विचारल्याशिवाय घास तोंडात घालत नाही. तुझ्याकडे आले की कशी गप्प बसून खाते, ते तू पाहतोसच.

आता भांडणाची गोष्ट. लॉजच्या स्वयंपाकघरात साठीच्या एक काकू आहेत, हाताला चव आहे. त्यांना तुझ्या मसुराच्या सूपची कृती सांगितली. कांदा, गाजर, मसूर, मंद आच, बस. त्यांनी दोनदा करून पाहिलं, जमलं नाही. मग त्या म्हणाल्या की मी सांगते ती चव आणि तो तवंग लोण्याशिवाय यायचा नाही. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, चाळीस वर्षं चुलीपुढे काढली आहेत. तिथे माझा तोल गेला. जेवायला बसलेल्या सगळ्यांसमोर मी त्यांना सुनावलं की माझा भाऊ खोटं बोलत नाही, आणि स्वतःला जमत नाही म्हणून दुसऱ्याला खोटं पाडू नका. त्या पदराला हात पुसून आत गेल्या. दोन दिवस मी केळी आणि शेंगदाण्यांवर आहे, पण तिथे जेवायला बसत नाही.

शनिवारपासून पुढचा मुक्काम, पत्ता मागे लिहिला आहे. वहिनीला नमस्कार. लोभ मंद आचेवर चालू ठेवावा, ही विनंती.

तुझी,
बारकी

•

खाणावळ
रविवार, ८ जून

चि. बारकी हिस,
दादाचे अ. उ. आ.

वहिनीचा गुडघा बरा आहे. नवीन मिक्सर घेतला, तो विमानासारखा ओरडतो. कोपऱ्यातल्या टेबलाचा डुगडुगणारा पाय अखेर दुरुस्त करून घेतला.

एवढं लिहून दोन कागद फाडले. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. त्या काकू बरोबर आहेत.

सूपमध्ये लोणी असतं. उतरवताना डावभर, बाबा घालायचे तसं. तू त्या दुधाच्या कारखान्यातली लिफ्ट तपासायला गेलीस, तिथल्या गोठ्यात वासरं आयांपासून तोडताना पाहिलीस आणि परत आल्यावर दूधदुभतं सोडलंस. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ. गावोगाव फिरून तू वाळत चालली होतीस, गळ्याची हाडं दिसायला लागली होती. मी मनाशी म्हटलं, निदान माझ्याकडे तरी पोरीच्या पोटात काही जाऊ दे. पहिल्याच दिवशी तू वाडगा पुसून खाल्लास आणि म्हणालीस की इथे काही विचारावं लागत नाही, किती बरं वाटतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दुसऱ्या वेळी सांगणं पहिल्यापेक्षा अवघड झालं, तिसऱ्या वेळी त्याहून. असं करत तीन वर्षं गेली.

हे पत्र लिहिलं नसतं तरी खपलं असतं, असंही मनात येऊन गेलं. तुझ्या सूपात लोणी घालणं गुपचूप बंद केलं असतं की झालं. पण तू माझ्या भरवशावर एका बाईला चारचौघांत खोटं पाडलंस, आणि ती खरी होती. ते मला गिळता येत नाही. वहिनीला यातलं काही माहीत नव्हतं. तिला काल सांगितलं, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

रागव, पण कळव. लोभ मागायला तोंड राहिलेलं नाही.

दादा

•

गुरुवार, १२ जून

दादा,

पत्र मिळालं.

लोण्याचं दुःख आहेच, पण खाल्लेलं आता परत काढता येत नाही. मला दुसरंच लागलं आहे. ज्यांना माझं नावसुद्धा माहीत नाही असे वेटर आत जाऊन विचारून येतात आणि खरं काय ते सांगतात. त्यांच्यापैकी कुणाचीही मी कोणी लागत नाही. तुझी बहीण आहे. आणि तुला मी कधी विचारलंच नाही, म्हणून तुला तोंडाने खोटं बोलावंही लागलं नाही. ही सोय मीच तुला करून दिली, याचा राग जास्त येतो.

काळजीपोटी केलंस हे कळतं. कळतं म्हणून काही कमी लागत नाही.

इस्पितळाच्या लिफ्टच्या फेरतपासणीसाठी वीस तारखेला परत तिथे जायचं आहे. काकूंची माफी मी मागेन. पण मूळ खोटं तुझं, तेव्हा तूही त्यांना लिही. मला सध्या लिहू नकोस.

बारकी

•

लॉजचं स्वयंपाकघर
सोमवार, २३ जून

खाणावळवाले भाऊ यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. मला लिहिण्याची सवय नाही, अक्षराला हसू नका.

तुमची बहीण शुक्रवारी आली. सगळ्यांसमोर बोलले तर माफीही सगळ्यांसमोर, असं म्हणून मला हाताला धरून बाहेर जेवणाऱ्यांच्यात घेऊन गेली. मला मेलीला लाजच वाटली. राग तसा मला त्या दिवशीही फार नव्हता. भावासाठी भांडणाऱ्या बहिणीवर काय रागवायचं?

तुमच्याबद्दल ती एक शब्दही वाईट बोलली नाही. माझ्याबरोबर बटाटे सोलत बसली होती. एवढंच म्हणाली की बाहेर जेवताना सगळीकडे विचारावं लागतं, एकच ठिकाण होतं जिथे विचारावं लागत नव्हतं, आणि आता तेही नाही. मला तिचं फार वाईट वाटलं, म्हणून तुम्हाला कळवते.

सूपाचं म्हणाल तर कांदा अजून काळपट होऊ द्या आणि बदाम भाजून वाटून घाला. लोण्याची सर येणार नाही, उगीच आशा धरू नका. आपली ओळख भांडणातून झाली, पण झाली ती असू द्यावी.

लॉजच्या काकू

•

खाणावळ
रविवार, ६ जुलै

चि. बारकी हिस,
दादाचे आ.

लिहू नकोस म्हणाली होतीस. तीन आठवडे थांबलो, आता राहवत नाही.

काकूंनी सांगितलं तसं सूप नऊ वेळा केलं. जमत नाही. रोजच्या गिऱ्हाइकांना चाखायला दिलं, तर एकाने माझी तब्येत बरी नाही का म्हणून विचारलं. आता दोन पातेली ठेवतो, बिनलोण्याच्या पातेल्याच्या झाकणाला हिरवा रंग दिला आहे, डावही वेगळा. वहिनी पुन्हा बोलायला लागली आहे, पण कामापुरतं.

ये असं म्हणायचा हक्क मी घालवला. तरी वाटेत थांबलीस, तर गिऱ्हाइकासारखी ये आणि हवं ते खोदून खोदून विचार. आत येऊन झाकणं उघडून बघ, डबे हुंगून बघ. मला अपमान वाटणार नाही. खरं म्हणजे वाटेल, पण ते माझं मी बघीन.

लोभ उरला असेल तेवढा पुरे.

दादा

•

गुरुवार, १७ जुलै

ती. दादास,
न. वि. वि.

काल तुझ्याकडे दुपारची गर्दी होती, धड बोलता आलं नाही. संध्याकाळी इथे पोचले, म्हणून लिहिते.

मी वेटरला विचारायला लागले तेव्हा तो गोंधळला. इतकी वर्षं मला ओळखतो, त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. त्याने तुला हाक मारली. तू हात पुसत आलास आणि शेजारची चार माणसं बघत असताना माझ्यासमोर उभा राहिलास. सूपमध्ये लोणी आहे का विचारलं, नाही म्हणालास. भाजीत साय आहे का विचारलं, नाही म्हणालास. मग मी पावाचं विचारलं आणि तुझा चेहरा पडला. पाव समोरच्या भट्टीतून तयार येतो, त्यात काय असतं ते तू कधी विचारलंच नव्हतंस.

तू नाही म्हणून मोकळा झाला असतास, दादा. मी मान डोलावून खाल्लं असतं. पण तू ऐन गर्दीत ॲप्रन तसाच ठेवून रस्ता ओलांडलास. मी खिडकीतून बघत होते. धापा टाकत परत आलास आणि सगळ्यांसमोर सांगितलंस की पावात दूध आहे, आणि हा पाव तू मला तीन वर्षं दर वेळी वाढला आहेस. मग उभाच राहिलास, मी उठून जाईन म्हणून.

मी पाव नुसताच बाजूला सरकवला आणि सूप खायला लागले. राग अजून आहे, पण पहिल्यासारखा नाही. यापुढे तुझ्याकडेही मी विचारीन, दर वेळी विचारीन. तू दर वेळी असाच सांगत जा, माहीत नसेल तेव्हा जाऊन विचारून ये.

सहा ऑगस्टला पुन्हा त्याच वाटेने जायचं आहे. जेवायला थांबेन. वहिनीला म्हणावं, आता बोल त्याच्याशी.

सूपाचं खरं ते सांगते. पांचट झालं होतं, आणि बदाम जास्त पडले होते. मी दोन वाडगे खाल्ले.

लोभ आहे.

तुझी,
बारकी