बाजारात मिळालेला चाकू

क्रोनश्टाट, ३ ऑक्टोबर १८५२

ग्लाफिराताईस,

धाकट्या भावाचा जमिनीला डोकं टेकून नमस्कार. बाबांना तसाच. मालान्यामावशीला आणि शेगडीभोवती बसलेल्या सगळ्यांना नमस्कार. पत्र वाचून दाखवणाऱ्या पाफनूतीकाकांना वेगळा नमस्कार. त्यांना क्वासचा पेला भरून दे, आज पत्र लांबणार आहे.

मी बरा आहे. इथे धुकं आणि चिखल. तुझी कोबी खारवून झाली का? तांबडी गाय व्यायली का? मला बढती मिळणार होती, नवा कोट शिवायला टाकला होता.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. तिन्हींत तू एकच विचारलंस: देम्यान भावोजींसाठी अर्ज केलास का? आणि तिन्ही वेळा मी हवापाण्याचं लिहिलं. आताही गायीचं विचारून झालंच.

बाबा, मी बारा वर्षांचा असताना जहाजाची वाट आखायला शिकवणाऱ्या शाळेत आलो, तेव्हा तुम्ही गावभर सांगत फिरलात, "लोहाराचं पोर समुद्रात वाट दाखवणार!" त्या शाळेत गुरुजींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, होकायंत्राजवळ लोखंड नेऊ नका, सुई फिरते. शाळा संपली तेव्हा तुम्ही स्वतः घडवलेला चाकू पाठवलात. मुठीवर माझं नाव, ‘सव्वाती’, त्यात एक अक्षर उलटं.

जहाजावर मोठ्या घरातल्या अधिकाऱ्यांपुढे मी त्यानं पेन्सिल तासत होतो. एक जण म्हणाला, "काय वाटाड्या, हे खूर तासायचं हत्यार कुठलं? बाप नालबंद आहे का तुझा?" सगळे हसले. मी म्हणालो, "बाजारात मिळाला." आणि पुन्हा कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून हाताला आला त्या खणात सारून दिला. तो खण होकायंत्राखालचा होता.

दोन दिवसांनी धुकं पडलं. दिशा मी सांगत होतो, सुकाणूवर भावोजी होते. दुपारच्या आत जहाज खडकावर चढलं. माणसं वाचली, जहाज गेलं. सामान आवरताना मी खण उघडला. चाकू बाहेर काढला, सुई हलली. परत ठेवला, परत हलली. तेव्हा तो समुद्रात फेकला.

चौकशीत विचारलं, दिशा बरोबर दिली होती का? मी म्हणालो, "दिली होती. सुकाणूवरच्यानं धरली नाही." भावोजी शेजारीच उभे होते. चाकू फेकताना त्यांनी मला पाहिलं होतं. ते म्हणाले, "चूक माझी, साहेब." बाहेर पडताना माझ्या कानाशी म्हणाले, "सव्वा, मान वर कर. घरातले दोघं बुडण्यापेक्षा एक बरा."

त्यांना फटके बसले, मग कैद्यांच्या तुकडीत टाकलं. धक्क्यावर दगड वाहतात. मी दिसलो की टोपी काढून "साहेब" म्हणतात. मी रस्ता बदलतो. गेल्या आठवड्यात बदलता आला नाही. मी विचारलं, "काही हवंय का?"

"ग्लाफिराला सांग, मी प्यालो नव्हतो."

पाफनूतीकाका, इथे अडखळू नका. ताईनं म्हटलं तरी कुणाला बाहेर पाठवू नका. मालान्यामावशी, दारूच्या नशेत देम्याननं जहाज खडकावर घातलं असं तुम्हीच विहिरीवर सांगितलंत ना? मग ऐका. भावोजी प्यालेले नव्हते. शेवटच्या क्षणापर्यंत सुकाणू मी सांगितलेल्या दिशेलाच होतं. काका, ही ओळ पुन्हा एकदा वाचा, मोठ्यानं.

हेच सगळं लिहून, सही करून, आज सकाळी चौकशीच्या साहेबांकडे दिलं. कारकुनानं दोनदा विचारलं, "शुद्धीत आहात ना?" भावोजींना सोडायला वेळ लागेल, पण सोडतील म्हणाला. माझं काय होईल ते होवो. कोट नको म्हणून शिंप्याला कळवलंय.

ताई, मला लाज वाटते, आणि ती खोटं बोललो एवढ्याचीच नाही. भावोजी दगड वाहत होते त्या महिन्यात मी कोटाचं माप दिलं. माफी मागायचं तोंड नाही. ते घरी आले की माझ्यासाठी रदबदली करू नकोस.

बाबा, चाकू फार चांगला होता. तो बाजारात मिळाला नव्हता.

आजवर पत्राखाली हुद्दा लिहीत आलो. आज एवढंच लिहितो:

येवस्ताफी लोहाराचा मुलगा,
सव्वाती