डाव्या पानावरचं काळवीट

३ फेब्रुवारी १९८६, सोमवार

धाकट्या भावानं, दिगूनं, कोरायचं मशीन आणलं. सोसायटीतनं. कारागिरांची सोसायटी, कारागिरांच्या भल्यासाठी म्हणं. दाताच्या डॉक्टरकडं असतं तसलं. लांब नळी, टोकाला सुई, पायाखाली बटण. सगळी गल्ली दुकानाच्या दारात गोळा झाली. दि.नं शेजारच्या काकूंच्या स्टीलच्या पेल्यावर त्यांचं नाव घातलं, हातातला चहा गार व्हायच्या आत. काकू माझ्याकडं बघून म्हणल्या, "सुटलीस गं सुमन आता."

सुटले. कशातनं सुटले ते सांगा की.

आण्णा, आमचे वडील, गल्ल्याजवळ बसून नुसते ऐकत होते. चार वर्षं झाली, डोळ्यांनी उजेड-अंधार एवढंच कळतंय. म्या विचारलं, कसं वाटतंय आण्णा मशीन. म्हणले, "डासावानी." दि.ला ते आवडलं न्हाई. मला लई आवडलं.

आजपासून या वहीत तिला सवत लिहिणार. एक सवत बघून बारा वर्षांमागं सासर सोडून आले. ही दुसरी माहेरात आली.

६ फेब्रु.

सकाळपासून लाईट न्हाई. सवत मुकी. दि. दारात उभा राहून खांबाकडं बघतोय. मी अडकित्त्यावर वेल कोरला, दोन पितळी डब्यांवर नावं घातली. लाईट नसली तरी माझं काम चालतंय असं बोलून दाखवलं. बोलायला नको होतं. पण बोलले.

९ फेब्रु., रविवार

माकणीचे रावसाहेब आले. सत्तरी गाठलीय, ताठ अजून. संग बंदूक. लायसन आता मुलाच्या नावावर करायचंय, कचेरीत बंदूक दाखवावी लागंल, त्याच्या आधी उजव्या बाजूचं लोखंडी पान कोरून पाहिजे. आण्णांच्या पुढ्यात बसून म्हणले, "आण्णा, तुमच्या हातची जोड लावून द्या. डाव्या बाजूचं काळवीट बघून लोक अजून विचारतेत, कुणाचा हात म्हणून."

आण्णा म्हणले, "बघू."

बघू. आठ वर्षांमागं डावं पान म्या कोरलं. आण्णांचे डोळे तवाच जायला लागले होते. ते नुसते पलीकडं बसून सांगत होते, मान अजून मागं वळव, पोट हलकं धर. उजवं तवाच करायचं होतं, पण रा.सां.ची मंडळी वारली आन ते तसंच राहिलं. कोरलं कुणी हे आण्णांनी सांगितलं न्हाई तवा, आज बी न्हाई. बाई बंदुकीचं काम करती म्हणल्यावर गिऱ्हाईक येत न्हाई, हे त्यांचं म्हणणं. मी चहा दिला. रा.सा. कपाकडं बघून "ठीक हाय" म्हणले.

बंदूक ठेवून घ्यायची आपल्याला परवानगी न्हाई. दि.नं दोन्ही बाजूंची लोखंडी पानं स्क्रू काढून ठेवून घेतली, बाकीची बंदूक रा.सा. परत घेऊन गेले.

संध्याकाळी डावं पान फडक्यानं पुसलं. काळवीट पळता पळता मागं बघतंय. डोळा एका ठोक्यात काढलेला. दुसरा ठोका दिला असता तर बकरं झालं असतं. पोटाखाली गवत, त्या गवतात कचेरीचा नंबर. जुन्या राज्यातली बंदूक, कंपनीचा नंबर न्हाई, म्हणून पोलीस ॲक्शननंतर कचेरीनं ठोकलेला. त्याला धक्का न लावता भोवतीनं गवत कोरलं होतं. आठ वर्षांत एक रेघ मेलेली न्हाई.

११ फेब्रु.

दि.शी भांडण. उजवं पान मला दे म्हणतोय.

हातानं कोरायचं तर पान आधी भट्टीत लाल करून मऊ करायचं, हलू नये म्हणून राळेत बसवायचं, मग कलम-हातोडी. झाल्यावर पुन्हा तापवून, पाणी देऊन कडक करायचं. पंधरा दिवस तरी धरा. सवतीला यातलं काही लागत न्हाई. कडक लोखंडावर बी चालती.

"आक्का, जे तू पंधरा दिवसांत करतीस ते मी दुपारपर्यंत करतो."
"ती ओरखडती. कोरत न्हाई."
"गिऱ्हाइकाला काय कळतंय त्यातलं?"
"मला कळतंय ना."
"तू गिऱ्हाईक हाईस व्हय?"

आण्णांकडं गेले. मला वाटलं ते तरी बोलतील. म्हणले, "त्याला करू दे. पुढं दुकान त्यालाच बघायचंय." आन मागची दहा वर्षं कुणी बघितलं आण्णा? हे तोंडावर विचारायला पाहिजे होतं. इथं लिहितेय. ह्याचाच राग येतोय.

१४ फेब्रु.

उजवं पान झालं. दि.नं माझ्या काळविटावर कागद ठेवून पेन्सिलनं छाप घेतला, उलटा करून त्यावरनं सुई फिरवली. सगळ्या रेघा एका जाडीच्या. कलम आत शिरताना रेघ बारीक असती, मधी भरती, निघताना पुन्हा बारीक. तिथनंच अंगात जीव येतो. याच्या काळविटाला अंगच न्हाई. पाय चार हायत, शिंगं दोन हायत, मोजून घ्या.

मी हसले. हसायला नको होतं, पण आवरलंच न्हाई. आण्णांनी पानावरनं बोट फिरवलं आन परत दिलं. दि.चं तोंड एवढंसं झालं.

१५ फेब्रु.

दि. जेवायला बसला न्हाई आमच्यात. दोन्ही पानं शेजारी ठेवून बघत बसतोय.

१७ फेब्रु., सोमवार

टँकर आला म्हणून साडेनऊला घागरी घेऊन गेले. अडीच तास रांगेत. पुढं दोघींची झोंबाझोंबी, त्यात अर्ध्या घागरी सांडल्या. बाराला घरी आले तर दि. हात धूत होता.

डावं पान घासून टाकलंय.

घासून. कानशीनं, मग पॉलिशच्या चाकावर. कोरं, आरशावानी. आन त्यावर सवतीनं दुसरं काळवीट काढलंय, उजव्यासारखंच. म्हणला, "आता जोड लागली बघ आक्का. दोन्ही एका हातची."

उजवं डाव्यासारखं जमंना, म्हणून डावं उजव्यासारखं केलं.

माझ्या हातातली घागर मी खाली ठेवली. नीट ठेवली, पाणी सांडू दिलं न्हाई, त्याचाच आता संताप येतोय. फेकून मारायला पाहिजे होती. विचारलं, कुणाला इचारून? म्हणला, दुकानातलं काम हाय, कुणाला इचारायचं. आण्णा तिथंच बसलेले. दोन हातांच्या अंतरावर. कानशीचा आवाज त्यांना कळत न्हाई? लोखंड कुठलं, किती घासतंय, हे आवाजावरनं सांगणारा माणूस. म्हणलं, आण्णा, तुम्ही ऐकत होता? म्हणले, "झालं ते झालं."

चूल पेटवली न्हाई. बसा म्हणलं मशीन खात.

१८ फेब्रु.

बोलणं बंद. दोघांशी बी.

माझ्या हातचं एवढं एकच होतं ज्यावर लोक बोट ठेवून विचारत होते, कुणाचं. उत्तर खोटं मिळायचं, पण प्रश्न तर माझाच होता. आता तो बी न्हाई.

२२ फेब्रु.

रा.सा. येऊन पानं बसवून घेऊन गेले. मी आतनं बघत होते. मनात म्हणत होते, आता ओळखतील, आता विचारतील, हे काय केलं म्हणून. दाराच्या उजेडात धरून बघितलं. "वा. आता कशी चकाकतीय. आण्णा, हात सुधारलाय तुमचा."

आठ वर्षं भिंतीवर होती ती बंदूक यांच्या. आठ वर्षं रोज बघितली. दि.ला मी जेवढ्या शिव्या दिल्या त्यातल्या अर्ध्या माघारी घेते आन यांना देते.

२ मार्च, रविवार

रा.सा. पहिल्या एस.टी.नं आले. चेहरा उतरलेला. उभ्या उभ्याच म्हणले, "नंबर कुठं गेला?"

कचेरीतल्या कारकुनानं पानावर बोट फिरवलं, बंदूक उलटीपालटी केली, रजिस्टर बघितलं. रजिस्टरात नंबर हाय, बंदुकीवर न्हाई. बिननंबरी बंदूक म्हणजे चोरीची बंदूक. ठेवून घेतली. दहा तारखेला खुलासा द्यायचा, न्हाईतर केस. रा.सां.वर बी आन ज्यानं नंबर काढला त्याच्यावर बी.

दि. पांढराफटक. त्याच्या ध्यानातच आलं न्हाई. गवत समजून घासला.

खरं लिहायचं तर मला बी त्या दिवशी सुचलं न्हाई. मी नुसती काळविटाला रडत होते.

४ मार्च

पंधरा दिवसांनी दि. माझ्याशी बोलला. सरळ न्हाई, आण्णांकडं तोंड करून. "तिला म्हणावं, कारकून ओळखीचा निघालाय, पान एक दिवस सोडवून आणतो. चार आकडे काढून दे. मशीननं ते ठोकल्यासारखं दिसत न्हाई."

असं का. दिसत न्हाई व्हय.

ठोकलेला आकडा खोल असतो, कडा वर उचललेल्या असतेत. कलमानं तसा काढता येतो. मला येतो. मला ते चार आकडे आजबी दिसतेत, तिनाचं डोकं सपाट होतं ते बी. दोन तासांचं काम. पण सरकारचा नंबर आपल्या हातानं घालायचा म्हणजे काय, हे काय मला कळत न्हाई? सातवी शिकलेय.

म्हणलं, करणार न्हाई. तुझ्या सवतीला सांग.
"कुठली सवत?" म्हणला. वहीतलं तोंडातनं निघून गेलं.

दि. रडला. लहानपणी रडायचा तसाच, खालचा ओठ आत घेऊन. मला दया आली. आन दया आली म्हणून आणखी राग आला.

७ मार्च

रा.सा. आन दि. आण्णांपाशी बसलेत, दार लोटून. भिंत एक विटेची हाय, सगळं ऐकू येतंय.

रा.सा.: "वकील म्हणतो, चुकून झालं असं कुणीतरी लिहून द्यावं. म्हणजे माझ्यावर यायचं न्हाई."
दि.: "मी दिलं तर सोसायटी मशीन काढून घेईल, दुकान बंद."
मग आण्णा.
"सुमनचं नाव घाला. बाईमाणसाला कोण आत टाकतंय."
रा.सा. म्हणले, "पण कचेरीला खरं वाटाया पाहिजे. बाईचा काय संबंध बंदुकीशी?"
आण्णा म्हणले, "संबंध हाय. ते काळवीट तिनंच कोरलं होतं. माझं न्हवतं ते."

एवढी वर्षं मी या वाक्याची वाट बघितली. कुठं आन कशासाठी बोलले बघा.

दार ढकलून आत गेले. रा.सा. माझ्याकडं बघायला लागले. आठ वर्षं माझ्या हातचा चहा पिलेला माणूस. म्हणले, "बाई, तुमचं पूर्ण नाव काय?"

मी सांगितलं न्हाई. दि.नं सांगितलं.

९ मार्च, रविवार

कागद आला. टाईप केलेला, स्टँपपेपरवर. उद्या अकराला कचेरीत द्यायचाय. दि.नं माझ्यापुढं ठेवला, पेन बी ठेवलं, आन बाहेर ओट्यावर जाऊन बसला. आण्णा सकाळपासून दोनदा माझ्या नावानं हाक मारून गप बसलेत. ओ दिली न्हाई.

चारदा वाचला. "मी बंदुकीवरील नक्षीकाम करणारी कारागीर असून, सदर पान माझ्या हातून नजरचुकीने घासले गेले."

कारागीर. माझ्या नावापुढं हा शब्द कुणी कधी लिहिला न्हवता. सोसायटीच्या यादीत दि. कारागीर हाय, आण्णा कारागीर हायत, मी न्हाई. आन इथं लिहिलाय तो घासले गेलेच्या शेजारी. पहिलं अर्धं खरं, दुसरं धादांत खोटं, आन मधी नुसता एक स्वल्पविराम. दुसऱ्यावर रेघ मारावी तर कागद वाया, दि. आत. सही करावी तर माझं काळवीट म्याच मारलं असं सरकारदरबारी कायमचं लागणार.

दि. आत्ताच येऊन विचारून गेला, सही झाली का आक्का.

म्हणलं, वाचतेय अजून.