स्वरूपच्या कर्जावरचा विमा

बुसैतीन,
१९ जानेवारी २०२५

ती. वन्सं,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेलं कुळथाचं पीठ इथे आखातात पोचलं. पिठी केली, विशाखाने दोनदा घेतली. तीस वर्षं गिरण चालवून तुमचे कान गेले, तरी यंत्र लावणार नाही म्हणता. मग फोनवर ओरडण्यापेक्षा हेच बरं. कागदावर लिहिते, फोटो काढते, पाठवते.

आज एका गोष्टीने डोकं उठलंय. माझ्याबरोबर लॅबमध्ये आतिका आहे, रत्नागिरीची. तिचे दीर गेल्या वर्षी वारले, तर त्यांचं उरलेलं कर्ज विम्यातून फिटलं. बँकेने घरच्यांकडून काही घेतलं नाही. तिने सहज विचारलं की तुमच्या कर्जावर विमा नव्हता का. मला उत्तर देता येईना. हे गेले तेव्हा बँकेने उरलेलं सगळं कर्ज कंपनीकडून मिळालेल्या शेवटच्या पैशांतून कापून घेतलं आणि राहिलेली चिल्लर माझ्या हातावर ठेवली. मला वाटलं, रीतच असेल. मी सही केली.

ह्यांनी कर्ज तीनदा काढलं होतं. पहिलं गावच्या दोन खोल्यांसाठी, मग त्यावर वाढवून विशाखाच्या शाळेसाठी, आणि शेवटचं आईंच्या ऑपरेशनला. तिन्ही एकाच बँकेची. म्हणून आज अर्धी रजा टाकून ब्रँचमध्ये गेले. खिडकीतली मुलगी म्हणाली, बंद झालेलं कर्ज तिच्या स्क्रीनवर दिसत नाही, कॉल सेंटरला फोन करा. कॉल सेंटरने सांगितलं, ब्रँचमध्ये जा. पुन्हा खिडकीशी गेले, तर कर्ज ज्या ब्रँचमधून घेतलं ती बंद झाली आणि तिचे कागद हिद्दच्या गोदामात आहेत म्हणे. गोदामाला फोन नाही. घरी येऊन विशाखाकडून इंग्रजीत ईमेल लिहून घेतला. दोन मिनिटांत उत्तर आलं, आम्ही आपली कदर करतो. ते उत्तर माणसाने लिहिलेलं नव्हतं.

बाकी ठीक. गुडघ्याला तेल लावता ना? लोभ आहेच, माझ्या चिडचिडीसकट असू द्यावा.

तुमची
पूर्णिमा


कट्टा, ता. मालवण
२ फेब्रुवारी २०२५

चि. पूर्णिमास,
अनेक आशीर्वाद.

फोटो वाकडा काढतेस. शेवटच्या चार ओळी मान तिरकी करून वाचल्या, आता मानेलाही तेल लावते.

कर्जावर विमा होता की नव्हता एवढंच विचारायचं आणि त्यासाठी तुला एवढे हेलपाटे? दळण कुठे ठेवलंय ते ज्याचं त्याला सांगता आलं नाही, तर गिरणीवाल्याला लोक बदडतील. सोडू नकोस. तोंडी विचारू नकोस, लेखी विचार आणि लेखीच घे. तोंडी बोललेलं मलाच काय, कोणालाच ऐकू येत नाही.

तू सही केलीस म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. नवरा जाऊन महिना झाला नव्हता. तेव्हा तुझ्यापुढे कोरा कागद धरला असता, तरी तू सही केली असतीस. हे त्यांनाही माहीत होतं.

विशाखाला सांग, आत्येने विचारलंय. आठवण ठेव.

तुझी
सत्यवती


बुसैतीन,
९ मार्च २०२५

ती. वन्सं,
शि. सा. न. वि. वि.

रमझान चालू आहे. बँकेची वेळ कमी झालीय आणि माझी ड्यूटी नेमकी त्याच वेळात. तरी लेखी विचारलं, तीनदा. शेवटी उत्तर आलं. विमा होता, वन्सं. तिन्ही कर्जांवर. प्रत्येक वेळी कर्ज हातात देण्याआधीच त्याचा प्रीमियम कापून घेतला होता. ह्यांनी कधी घरी त्याचं नाव काढलं नाही. मला वाटतं, त्यांनाही माहीत नव्हतं.

मला इतकं बरं वाटलं की मी ते आतिकाला लगेच कळवलं. मग दुसरं पान वाचलं. हे गेल्यावर बँकेने केलेला दावा विमा कंपनीने नाकारलाय. कारण, मयताला मधुमेह होता आणि कर्ज घेताना त्याने तो जाणूनबुजून लपवला.

माझ्या आधी हे विशाखाने वाचलं होतं. ईमेल तिच्याच फोनवर येतो. संध्याकाळी मी घरी आले तर ती दार लावून बसलेली. जेवताना तिने इंग्रजीत विचारलं, बाबा खोटं बोलले होते का. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, पण लिहिलंय तसं. मग ती उठून गेली आणि मी ताटासमोर बसून राहिले. पैसे गेले होते ते गेलेच होते, त्यांची सवय झाली होती. पण जो माणूस उत्तर द्यायला नाही, त्याला पोरीसमोर खोटारडा ठरवलं, त्याचं काय करू?

मी बँकेला फोन केला. एक साहेब म्हणाले, निर्णय अंतिम आहे. दुसऱ्याने इंशाल्ला बघू म्हटलं आणि नाव सांगितलं नाही. मला आता कशाचाच उत्साह राहिलेला नाही. लवकर लिहा. तुमचं लिहिणं पाठीवर हात फिरवल्यासारखं असतं, ते थांबवू नये.

तुमची
पूर्णिमा


कट्टा,
१३ मार्च २०२५

चि. पूर्णिमास,
आशीर्वाद.

स्वरूपने साखर लपवली? कोणापासून? एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला तो आपली फास्टिंगची साखर सांगायचा. आमच्या चुलतभावाच्या लग्नात त्याने वधूपित्याला जिलबी आणि रक्तातली साखर यावर इतकं ऐकवलं की पंगत थांबली. मला तर लाज वाटायची. एवढं बोलणारा माणूस एका कागदापुरता मुका झाला, हे मी मानणार नाही. हे विशाखाला वाचून दाखव, मोठ्याने.

आता नीट ऐक. विमा खरा असेल, तर कर्ज तेव्हाच फिटलं आणि त्यांनी तुझे पैसे उगाच नेले. विमा खोटा असेल, तर तीन वेळा पैसे कशाचे कापले? न दळताच दळणावळ घेतली म्हणायची. दोन्हीपैकी एक कबूल करा म्हणावं. दोन्ही बाजूंनी त्यांचंच खरं असं कसं?

आणि स्वरूप स्वतः कागद भरणारा नव्हता. बारशाचं आमंत्रणसुद्धा तो दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा. मग तो कागद भरला कोणी? त्याच्याबरोबर अस्करच्या वर्कशॉपमध्ये कामाला तो कुडाळचा गुंडू होता ना, त्याला विचार.

जेवत जा. तू उपाशी राहिलीस तर बँक काही कमी जेवणार नाही.

तुझी
सत्यवती


बुसैतीन,
२० एप्रिल २०२५

ती. वन्सं,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र विशाखाला वाचून दाखवलं. जिलबीपाशी ती हसली आणि मग बराच वेळ रडली. तिने फोटो काढून ते स्वतःकडे ठेवलंय.

गुंडू भावोजींना भेटले. ते अजून त्याच वर्कशॉपमध्ये फोर्कलिफ्ट दुरुस्त करतात. त्यांनी सांगितलं, बँकेचा एक एजंट कंपनीच्या कँटीनमध्ये यायचा, बासित नावाचा. जेवणाच्या सुट्टीत टेबलावर फॉर्मचा गठ्ठा घेऊन बसायचा. सगळं आधीच भरलेलं, कामगारांनी फक्त सही करायची. इन्शुरन्स म्हणजे काय असं कोणी विचारलं, तर म्हणायचा, सिस्टममध्येच आहे, त्याशिवाय लोन पास होत नाही, यल्ला, चला, पुढचा. तब्येतीचं कोणाला विचारलं नाही.

तो बासित आता मोबाईलच्या दुकानात आहे. आम्ही दोघं गेलो. त्याने ओळखलं, चहा मागवला, माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, सगळे तसंच करायचे, वरून इतक्या फॉर्मचा आकडा पाहिजे असायचा. पण लिहून देणार नाही. त्याचा व्हिसा आहे, मुलं आहेत. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण मुलं म्हटल्यावर मी उठले. चहा तसाच ठेवून आम्ही बाहेर पडलो. गाडीत बसून मी सगळ्या जगाला शिव्या दिल्या. भावोजींनी गाडी सुरू केली नाही. म्हणाले, वहिनी, माझंही लोन त्याच टेबलावरचं आहे. माझ्या कागदावर काय लिहिलंय ते मागवूया.

वन्सं, तुम्ही भावोजींना पाहिलंय. लहानपणी पोलिओ झालेला. डावा पाय टाकताना सगळं अंग झुकतं. त्यांची प्रत आली. त्यात लिहिलंय, कोणतेही शारीरिक व्यंग नाही.

मागच्या आठवड्यात आम्ही बँकेत गेलो. मॅनेजरची केबिन हॉलच्या पार टोकाला. भावोजी दारापासून तिथपर्यंत त्यांच्या चालीने गेले, सगळा हॉल बघत होता. मग त्यांनी तो कागद टेबलावर ठेवला आणि साहेबांना विचारलं, हेही मी लपवलं का. मॅनेजरने तो उचलून वाचला. मी तुमचं वाक्य बोलले. विमा खरा की खोटा, एक काय ते सांगा. हिंदीत बोलले, पण बोलले.

दोन दिवसांत ईमेल आला. सद्भावना म्हणून तिन्ही प्रीमियम परत देऊ, तक्रार संपल्याची सही करा. त्या सहीच्या कागदात खाली बारीक अक्षरांत तेच आहे, मयताने आजार लपवला. लॅबमध्ये सगळे म्हणतात, मिळतंय ते घे आणि खलास कर. मी दमलेय, वन्सं. काय करू ते सांगा, आणि रागवायचं असेल तर थोडक्यात रागवा.

तुमची
पूर्णिमा


कट्टा,
२२ एप्रिल २०२५

चि. पूर्णिमास,
आशीर्वाद.

थोडक्यात लिहिते. एकदा सही केलीस तेव्हा तुला विचारायला कोणी नव्हतं. आता मी आहे. करू नकोस. बँकांवर देखरेख करणारी सरकारी कचेरी तिथे असेलच, तिच्याकडे सगळं पाठव. गुंडूला माझा आशीर्वाद आणि त्याच्या बायकोला नाचणीचं पीठ.

तुझी
सत्यवती


बुसैतीन,
६ जुलै २०२५

ती. वन्सं,
शि. सा. न. वि. वि.

कचेरीकडे पाठवलं होतं. मध्ये मे गेला, जून गेला. इथे उन्हाने गाडीचं हँडल धरवत नाही आणि मी दर आठवड्याला फोन करून तोच तक्रार नंबर सांगत होते. मला तो माझ्या जन्मतारखेपेक्षा जास्त पाठ झालाय.

आज बँकेने बोलावलं. ह्यांच्या पैशांतून कर्जापोटी कापलेली रक्कम परत देतायत. का, ते सांगितलं नाही. मी पैशांचं विचारण्याआधी ते आजार लपवल्याचं वाक्य कुठे आहे म्हणून विचारलं. नव्या कागदात लिहिलंय की मयताने माहिती लपवल्याचे बँकेचे म्हणणे नाही. एवढंच. विशाखा बरोबर होती. तिने दोनदा वाचलं आणि म्हणाली, ह्यात सॉरी कुठेच नाही. मी म्हटलं, नाही. मग तिने पेन माझ्याकडे सरकवलं.

मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी बाहेर येऊन पार्किंगमध्ये उभी राहिले आणि जोराचा राग आला. एका प्रश्नाला दोन ओळींचं उत्तर होतं, ते त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होतं. पैसे विशाखाच्या कॉलेजला ठेवते. तुम्हाला काय हवं ते विचारणार नाही, तुम्ही नाहीच म्हणणार. कानाचं यंत्र पाठवतेय. भांडण मी गावी आल्यावर करू.

भावोजींना मात्र बँकेने कळवलंय की त्यांचा प्रीमियम परत देता येणार नाही, कारण ते जिवंत आहेत आणि विमा चालू आहे. त्याच टेबलावर सह्या केलेले आणखी चौघं आहेत, एकाला हार्टचा त्रास. त्यांच्यापैकी कोणाला तक्रार कुठे करायची ते माहीत नाही. पुढच्या रविवारी मी रजा टाकलीय, इथे त्या दिवशी कचेऱ्या चालू असतात. सगळ्यांना त्या सरकारी कचेरीत घेऊन जाते.

लोभ आहे, तो पुरवून पुरवून वापरतेय. वाढवत राहावा.

तुमची
पूर्णिमा